रूपोपचारासाठी परदेशगमन : खर्चाचा आणि काळजीचा हिशेब

मराठी माणसाच्या कानी पानिपत हे नाव पडले की त्याला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. मोठी हानी झाली की आपण आजही ‘पानिपत झाले’ असेच म्हणतो. काला आंब येथील स्मारकापाशी दर संक्रांतीला महाराष्ट्रातून मंडळी येतात आणि नतमस्तक होऊन परततात. मात्र या शहराचे आजचे रूप निराळे आहे. ब्लँकेट, सतरंज्या, पडदे, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा काढलेले सूत ही त्याची ओळख असून १९९८ पासून येथील तेलशुद्धीकरण कारखानाही सुरू आहे. नोकरीच्या आणि बदलीच्या निमित्ताने येथे राहणारी मराठी कुटुंबेही आहेत. येथील निर्यातदाराला परदेशप्रवासाचे अप्रूप उरलेले नाही. फ्रँकफर्टला दर जानेवारीत भरणाऱ्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनात पानिपतच्या मालाची दालने असतात. ज्या घरात पासपोर्ट तयार आहे, परकीय चलनाची सवय आहे आणि मुलामुलींची लग्ने जवळ आली आहेत, त्या घरात नाकाची ठेवण, विरळ झालेले केस किंवा दातांची रांग यांवरचा उपचार परदेशात करून घ्यावा, असा विचार निघणे अशक्य नाही. असा विचार मनात असलेल्या ग्राहकांसाठी आणि त्यांचे अर्ज हाताळणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हा लेख आहे.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो आपल्याच घरचा आहे. रूपोपचाराची वाट एके काळी उलट दिशेने, पुण्याहून लंडनला गेली होती. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि तिचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया यशस्वी केली. नाक पुन्हा घडविण्याची रीत सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहेच. तेव्हा परदेशी गेले म्हणजेच चांगला उपचार मिळतो, हे गृहीत धरण्याचे आपल्याला तरी कारण नाही.

कावसजीच्या उदाहरणात आणखी एक भेद दडलेला आहे आणि तो थेट खिशाशी निगडित आहे. गमावलेला अवयव परत घडविणे वेगळे आणि असलेला अवयव अधिक देखणा करणे वेगळे. कायदा व विमा हे दोघेही हा भेद पाळतात. जन्मजात व्यंग, अपघात किंवा दुखापत यांमुळे बिघडलेले अंग पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आपल्या देशात वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर आणि केशरोपणावर मात्र १८ टक्के कर लागतो. आरोग्य विम्याच्या बाबतीतही तेच. सौंदर्यासाठीचा खर्च प्रमाणित अपवादांच्या यादीत बसतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या अपवादातून वगळलेली असते. कापडाच्या गिरणीत यंत्रात हात सापडलेल्या कामगाराने अथवा भाजलेल्या गृहिणीने परदेशाचा विचार करण्याआधी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या प्लास्टिक सर्जरी विभागात चौकशी करावी. पानिपतहून ती सुमारे ९० किलोमीटरवर आहे. दुभंगलेल्या ओठाच्या बाळावर तर ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेच्या साहाय्याने देशात अनेक रुग्णालयांत विनामूल्य शस्त्रक्रिया होते. ज्याला गरज आहे त्याने हा मार्ग आधी पाहावा, हे सांगणे बँकेचे काम नसेलही. पण ग्राहकाची ठेव मोडण्यापूर्वी ते कोणीतरी सांगायला हवे.

आता ज्यांनी केवळ रूपासाठी आणि विचारपूर्वक परदेशी जाण्याचे ठरविले आहे, त्यांच्या हिशेबाकडे वळू. केशरोपणासाठी इस्तंबूल, नाकडोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी सेऊल आणि सर्वच प्रकारांसाठी बँकॉक ही नावे जाहिरातींतून सतत समोर येतात. जाहिरातीत एक ठोक आकडा दिलेला असतो आणि बहुतेक कुटुंबे तो आकडा म्हणजेच एकूण खर्च समजून चालतात. घोटाळा होतो तो येथेच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील सर्व रकमा हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. पानिपतमधील एका ग्राहकाला परदेशातील रुग्णालयाने नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी ४,००० डॉलरचे अंदाजपत्रक पाठविले. वर्तमानपत्रात डॉलरचा भाव ९० रुपये दिसतो, म्हणून त्याने मनाशी ३,६०,००० रुपये धरले. परंतु बँक ग्राहकाला डॉलर विकते ते विक्रीदराने. तो ९१.२० रुपये असला तर रक्कम ३,६४,८०० होते. परकीय चलनाच्या खरेदीवर वस्तू व सेवा कर असतो. तो संपूर्ण रकमेवर लागत नाही. पहिल्या एक लाखाच्या १ टक्का आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या रकमेच्या अर्धा टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के आकारतात. येथे तो सुमारे ४१८ रुपये येतो. पैसे पाठविण्याचे शुल्क १,५०० धरू. म्हणजे रुग्णालयाच्या हाती पैसे पोहोचेपर्यंत ३,६६,७०० रुपये गेले.

पुढे रुग्ण आणि सोबतचा एक माणूस यांचे विमानभाडे ७०,००० रुपये. रुग्णालयाच्या ठोक दरात बहुधा दोन-तीन रात्रींचाच मुक्काम असतो. शस्त्रक्रियेनंतर थांबायचे आणखी बारा दिवस धरले तर राहण्याचे ६०,००० आणि जेवणखाण व स्थानिक प्रवासाचे ४८,०००. निघण्यापूर्वीच्या रक्ततपासण्या व हृदयतपासणी १०,०००. व्हिसा, प्रवासविमा आणि पानिपत ते दिल्ली विमानतळ जाण्यायेण्याची मोटार १५,०००. परतल्यावर औषधे आणि येथील डॉक्टरांकडील तपासण्या २०,०००. बेरीज झाली ५,८९,७०० रुपये. काही बिघडले तर परत जाण्यासाठी किंवा दिल्लीत उपचार घेण्यासाठी दीड लाख रुपये बाजूला ठेवले, तर एकूण तरतूद ७,३९,७०० रुपयांची. जाहिरातीतून काढलेल्या ३,६०,००० च्या दुपटीहूनही ही रक्कम थोडी अधिक आहे. तीन आठवडे दुकान बंद राहिले किंवा बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर तो तोटा यात धरलेला नाही.

हीच शस्त्रक्रिया दिल्ली अथवा गुरुग्रामला तीन लाखांत होते असे समजा. १८ टक्के कर मिळवून ३,५४,००० रुपये झाले. त्यात विमान नाही, व्हिसा नाही, आणि टाके दुखू लागले तर डॉक्टर दोन तासांच्या अंतरावर आहे. परदेशातील दर स्वस्त की महाग, हा निकाल अशा दोन पूर्ण बेरजा शेजारी मांडूनच लावावा.

रुपयाची घसरण हाही हिशेबाचा भाग आहे. जुलै २०२२ मध्ये डॉलर ८० रुपयांच्या पातळीवर होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. वरील उदाहरणात भाव तीन रुपयांनी वाढला तरी १२,००० रुपये जास्त लागतील. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख निश्चित झाली की चलन एकाच दिवशी न घेता दोन-तीन टप्प्यांत घ्यावे. अर्थात प्रवासाच्या ६० दिवसांहून आधी ते घेता येत नाही.

पैसा उभा कसा करावा, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. रूपोपचार ही तातडीची बाब नसते, त्यामुळे तो बचतीतूनच व्हावा. दरमहा २५,००० रुपयांची आवर्ती ठेव दोन वर्षे चालविली तर सहा लाख मुद्दल आणि वर व्याज जमते. त्याऐवजी पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये पडतो आणि व्याजापोटी जवळजवळ ९८,००० रुपये जातात. या दोन वर्षांच्या प्रतीक्षेत कित्येकांचा विचार बदलतो, हा लाभ निराळाच. मुलीच्या शिक्षणाची ठेव मुदतीपूर्वी मोडून तिच्याच नाकावर खर्च करणारे पालक पाहिले की वाईट वाटते. समोरच्या पक्षाने नाकाविषयी काढलेला एखादा शब्द त्यामागे असतो, हेही शाखेतील माणसाला कळत असते.

निर्यातदार ग्राहकांसाठी वेगळी सूचना. विदेशी मुद्रा अर्जक खात्यात पडलेले डॉलर हे फर्मचे असतात. घरातील व्यक्तीच्या रूपोपचाराचे बिल त्यातून भागवून व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविणे आयकरात टिकणार नाही. तसेच प्रदर्शनासाठी म्हणून घेतलेल्या परकीय चलनातून परतीच्या वाटेवर शस्त्रक्रिया उरकू नये. व्यवसायासाठीचा प्रवास आणि उपचारासाठीचा प्रवास यांची बँकेतील नोंद स्वतंत्र असते, व्हिसाच्या अटीही स्वतंत्र असतात. शिवाय चार दिवस दालनात उभे राहून थकलेल्या माणसाने पाचव्या दिवशी भूल घेणे शहाणपणाचे नाही.

आता नियम. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत विप्रेषण योजना फेब्रुवारी २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. २०१५ पासून ही मर्यादा प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. वैद्यकीय उपचारासाठी या मर्यादेपर्यंत रुग्णालयाचे अंदाजपत्रक दाखविण्याची सक्ती नाही. त्याहून अधिक रक्कम लागल्यास डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे अंदाजपत्रक द्यावे लागते. तरीही अंदाजपत्रक सोबत आणावेच, असा आमचा आग्रह आहे, आणि त्याचे कारण करात आहे. योजनेखाली एका वर्षात १० लाख रुपयांपर्यंत पाठविलेल्या रकमेवर, १ एप्रिल २०२५ पासूनच्या तरतुदीनुसार, उगमस्थानी कर संकलित होत नाही. त्यापुढील रकमेवर मात्र वैद्यकीय कारण आणि अन्य कारण यांचे दर भिन्न आहेत. २०२५-२६ या वर्षी ते अनुक्रमे ५ व २० टक्के होते. कारण सिद्ध करणारे कागद नसतील तर चढा दर लागण्याचा संभव राहतो. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी शाखेत विचारून घ्यावे. संकलित झालेला कर बुडत नाही. तो आपल्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. परंतु तोपर्यंत रक्कम अडकून राहते. प्रवासी कंपनीकडून शस्त्रक्रियेसह परदेशी सहलीचे ठोक पॅकेज घेतले तर त्याला वेगळा नियम असून तेथे पहिल्या रुपयापासून संकलन होते.

प्रत्यक्ष व्यवहारासाठी पॅन, पासपोर्ट आणि ए-२ अर्ज लागतो. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचे परकीय चलन रोख रुपये देऊन मिळत नाही. धनादेशाने किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, उरलेली रक्कम परकीय चलन कार्डावर घ्यावी. परदेशात दुकानातील यंत्र ‘रुपयांत द्यायचे का?’ असे विचारते. त्याला नकार द्यावा आणि तेथील चलनातच पैसे द्यावेत, कारण रुपयांत रूपांतर करण्याचा दुकानदाराच्या बाजूचा दर नेहमीच महाग असतो. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनातील खर्चासाठी अधिभारही लागतो. तो किती, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे.

रुग्णालयाला आगाऊ रक्कम पाठविताना मधल्या बँकांचे शुल्क कोण सोसणार, हे अर्जात लिहावे लागते. ते पाठविणाऱ्याने सोसायचे असे लिहिले नाही, तर रुग्णालयाला काही डॉलर कमी पोहोचतात आणि दाखल होताना वाद उद्भवतो. बारीक गोष्ट आहे, पण अनोळखी देशात, उपाशीपोटी, शस्त्रक्रियेच्या सकाळी ती मोठी वाटते. शस्त्रक्रिया रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही लेखी घ्यावे. परत येणारे डॉलर त्या दिवशीच्या खरेदीदराने रुपयांत बदलतात आणि तो विक्रीदराहून कमीच असतो.

सहकाऱ्यांसाठी येथे एक सूचना. लाभार्थीचे नाव रुग्णालयाचे आहे की कोणा व्यक्तीचे, हे अवश्य पाहावे. अंदाजपत्रक एका रुग्णालयाचे आणि खाते तिसऱ्याच देशातील एखाद्या ‘समन्वयकाचे’, असे आढळल्यास ग्राहकाला थांबवून विचारावे. ग्राहकाच्या उपचाराविषयी खिडकीवर मोठ्याने बोलू नये, हेही सांगावेसे वाटते. रूपाविषयीचा निर्णय माणूस अनेकदा घरच्यांपासूनही लपवीत असतो.

रुग्णालयाची निवड हा डॉक्टरांचा विषय, तरी ग्राहकाने विचारावेत असे काही प्रश्न आहेत. शस्त्रक्रिया कोण करणार, त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय? भूल कोण देणार? सल्ला एका डॉक्टरने द्यायचा आणि सुरी दुसऱ्यानेच चालवायची, अशा तक्रारी दक्षिण कोरियात इतक्या वाढल्या की तेथे सप्टेंबर २०२३ पासून भूल देऊन शस्त्रक्रिया होणाऱ्या दालनांत कॅमेरे बसविणे कायद्याने बंधनकारक झाले. रुग्णाने मागितल्यास चित्रीकरण करावे लागते. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेण्यासाठी रुग्णालयाला तेथील आरोग्य मंत्रालयाचा अधिकृत परवाना लागतो. तो दाखवा म्हणावे. शरीरात काही बसविणार असतील, तर त्याचे कार्ड आणि उत्पादन क्रमांक मागून घ्यावा. फ्रान्समधील पीआयपी कंपनीच्या स्तनरोपणात औद्योगिक वापराचे सिलिकॉन असल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा आपल्या शरीरात नेमके काय आहे, हे शोधता शोधता अनेक देशांतील स्त्रियांच्या नाकी नऊ आले. २०२३ मध्ये मेक्सिकोतील मातामोरोस शहरात सौंदर्यशस्त्रक्रियेच्या भुलेतून बुरशीचा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला आणि अमेरिकेतून गेलेले काही रुग्ण दगावले. अशा घटना विरळ असतात हे खरे. पण राखीव दीड लाखाचे प्रयोजन त्यांतूनच समजते.

वेळेचे गणित पैशाच्या गणिताइतकेच महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला असा की चरबी काढणे किंवा स्तनांची शस्त्रक्रिया यांनंतर पाच ते सात दिवस आणि चेहरा वा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानात बसू नये. सहावा दिवस परतीचा ठेवणारी पॅकेजे नाकाच्या बाबतीत म्हणूनच नाकारावीत. परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या दाट धुक्यामुळे विमाने तासन्‌तास खोळंबतात आणि पानिपतचा महामार्गही रात्री धोक्याचा होतो, तेव्हा ते दिवस टाळावेत. नाकावरील सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागते, लावलेले केस नीट दिसायला नऊ ते बारा महिने. लग्नाच्या दोन महिने आधी शस्त्रक्रिया करवणाऱ्या वधूच्या छायाचित्रांत सूजच दिसेल. लग्नाची तारीख ठरल्यावर या फंदात न पडणे बरे.

प्रवासविमा घ्यावाच, पण तो सामान हरवणे, अचानक आजारपण यांसाठी असतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत त्यात सहसा बसत नाही. दाद मागण्याचा प्रश्नही अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयामुळे आपल्या देशात डॉक्टरची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली आली. पण परदेशातील रुग्णालयाविरुद्ध पानिपतच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागून हाती काही लागणे कठीण. तेथील कायदा, तेथील वकील आणि तेथील भाषा यांचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. म्हणून निघण्यापूर्वीच पानिपत, कर्नाल किंवा दिल्लीतील एखाद्या प्लास्टिक सर्जनला भेटून, परतल्यावर तपासणीची जबाबदारी तो घेईल का, हे विचारावे. दुसऱ्याने केलेल्या कामात हात घालायला अनेक डॉक्टर नाखूश असतात. होकार मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये.

परतताना शस्त्रक्रियेचा तपशील, भुलेची नोंद, औषधांची यादी आणि पैसे दिल्याच्या पावत्या इंग्रजीत घेऊन याव्यात. शिल्लक परकीय चलन १८० दिवसांच्या आत शाखेत परत करावे. पुढच्या प्रवासासाठी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. कार्डावर उरलेली रक्कम विसरून जाणारे ग्राहक बरेच असतात. ती परत मागण्यासाठी एक साधा अर्ज पुरतो.